टीएमसी, तापमान आणि ट्राउट : प्रस्तावना

कोयनेचा शिवसागर काठोकाठ भरला की त्यात १०५ टीएमसी पाणी असतं, हे साताऱ्या-कऱ्हाडकडच्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पावसाळ्यात आपली वर्तमानपत्रं धरणांचे आकडे रोज छापतात आणि आपण ते बाजारभावाइतक्याच आस्थेनं वाचतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात यूकम्बीन नावाचा जलाशय आहे. त्याची क्षमता आपल्या मापात मोजली तर साधारण १६९ टीएमसी भरते, म्हणजे दीड कोयनेहून जास्त. तिकडचे लोक 'सिडनी बंदराच्या नऊपट' असं सांगतात. आपल्याला टीएमसीच बरं. समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरांवर, मोनॅरोच्या उघड्या गवताळ पठाराच्या कडेला हे पाणी पसरलेलं आहे. त्यात ट्राउट आहे, आणि होडीमागे गळ ओढत तो ट्राउट पकडण्याच्या पद्धतीवर, म्हणजे ट्रोलिंगवर, हे पुस्तक आहे.

पद्धत सांगायला दोन-तीन वाक्यं पुरतात. होडी ताशी २ ते ४ किलोमीटरनं चालू ठेवायची. मागे तीस, चाळीस, कधी साठ मीटर दोरी सोडायची; तिच्या टोकाला धातूचं, लाकडाचं किंवा प्लास्टिकचं खोटं आमिष. काठी होडीच्या कडेच्या खोबणीत उभी करायची आणि सुकाणू धरून बसायचं. जाळ्याचा इथे काही संबंध नाही. मासा लागला की काठी वाकते, रीळ कुरकुरतं, मग उठायचं.

यातलं 'बसायचं' हे क्रियापद फार जणांना खटकतं. फ्लाय फिशिंग करणारी मंडळी कमरेइतक्या गार पाण्यात उभी राहून, पिसांची माशी नदीवर अलगद ठेवतात. त्यांच्या दृष्टीनं ट्रोलिंग हा आळशाचा धंदा. इंजिन काम करतं, होडी काम करते, आणि माणूस थर्मासमधली कॉफी पितो. हा टोमणा मी पुष्कळ वेळा ऐकला आहे आणि तो अगदीच खोटा नाही. ट्रोलिंग आळसानं करता येतं, आणि तसं करणारे संध्याकाळी रिकाम्या हातांनी धक्क्यावर परततातही. पण नदीवर उभा असलेला माणूस ज्याच्याशी झुंजतो ते सगळं त्याला दिसत असतं: प्रवाह, खडक, पाण्यावर उठणारी वर्तुळं. जलाशयावरच्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्यासमोर चौदा-पंधरा हजार हेक्टरांचा एक सपाट, निर्विकार पत्रा असतो. मासा कुठे आहे हा प्रश्न त्याला तीन बाजूंनी सोडवावा लागतो, आणि त्यातली तिसरी बाजू, खोली, ही सर्वांत अवघड. या पुस्तकाची निम्मी पानं त्या तिसऱ्या बाजूवर खर्च झाली आहेत, आणि मला वाटतं ती अजून थोडी कमीच पडली.

तपशिलात शिरण्याआधी या माशाची आणि या पाण्याची ओळख करून द्यायला हवी, कारण दोन्हीही इथले नव्हेत.

दक्षिण गोलार्धात ट्राउट निसर्गतः नव्हता. एकोणिसाव्या शतकात टास्मानियात वसलेल्या इंग्रजांना मायदेशातला सामन मासा इथल्या नद्यांत हवासा वाटू लागला. अंडी बोटीनं आणायची म्हणजे विषुववृत्ताचा उकाडा ओलांडायचा आणि तीन महिन्यांचा प्रवास करायचा. १८६० आणि १८६२ सालचे प्रयत्न वाटेतच संपले. जेम्स यूल या गृहस्थांनी मग लंडनमध्ये वेनहॅम लेक आइस कंपनीच्या बर्फाच्या कोठारात प्रयोग केले: ओल्या शेवाळात गुंडाळलेली अंडी बर्फाखाली किती दिवस जगतात, ते पाहिलं. (तो नैसर्गिक बर्फाच्या व्यापाराचा जमाना होता. अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ १८३०च्या दशकापासून जहाजानं मुंबईतही उतरत होता.) जानेवारी १८६४मध्ये 'नॉरफोक' हे जहाज इंग्लंडहून निघालं. त्यात सामनची सुमारे एक लाख अंडी होती. ब्राउन ट्राउटची अंडी कशीबशी तीन हजार, तीही ऐन वेळी दोघा हौशी मत्स्यप्रेमींनी, फ्रँक बकलंड आणि फ्रान्सिस फ्रान्सिस यांनी, जवळजवळ भेट म्हणून पाठवलेली. एप्रिलमध्ये जहाज मेलबर्नला पोचलं, तिथून पेट्या टास्मानियात गेल्या, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला प्लेंटी नदीकाठच्या तळ्यांत पहिला ट्राउट अंड्यातून बाहेर आला. सामनची पिल्लंही निघाली, वाढली, समुद्रात गेली आणि कधी परतली नाहीत. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो पाहुणा निघून गेला. त्याच्याबरोबर आलेला घरचा झाला. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या थंड नद्यांत ब्राउन ट्राउट पसरला तो या वंशातून आणि पुढच्या आयातीतून. कॅलिफोर्नियाचा रेनबो ट्राउट न्यूझीलंडमार्गे १८९४ साली न्यू साउथ वेल्समध्ये आला.

आपल्याकडे काश्मीर आणि निलगिरीतल्या ट्राउटची कहाणी याच धर्तीची आहे. तोही साहेबांच्या हौसेपायी जहाजातून आलेला. सह्याद्रीत त्याला आणून सोडण्यात मात्र कधीच अर्थ नव्हता, आमच्या धरणांचं पाणी त्याला उकडून काढील. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीजनिर्मितीच्या तलावाशी महसीरचं बीज तयार करतात, तेच तिथल्या पाण्याला शोभतं.

आता जलाशय. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ॲडामिनबी या गावाजवळ 'स्नोई माउंटन्स' योजनेचा समारंभ झाला. स्नोई नदी आणि तिच्या उपनद्या बर्फाचं पाणी घेऊन दक्षिण-पूर्वेला समुद्राकडे जात होत्या; ते पाणी अडवायचं, डोंगराच्या पोटातून बोगदे काढून पश्चिमेच्या कोरड्या मुलखात सोडायचं आणि जाता जाता वीज करायची, असा हा बेत. कोयनेची गोष्ट आठवेल. तिथे पूर्वेकडे कृष्णेला जाणारं पाणी बोगद्यानं पश्चिमेला पोफळीकडे वळवलं, आणि तेही याच काळात. स्नोईचं काम १९७४पर्यंत चाललं. तिसांहून अधिक देशांतून आलेले लाखभर लोक त्यावर राबले, १२१ जण कामावर मेले. १९५८ साली पुरा झालेला यूकम्बीनचा बांध ११६ मीटर उंच आहे, माती आणि दगडांचा. त्यामागचं तळं ही साऱ्या योजनेची मोठी टाकी. ज्या गावाजवळ समारंभ झाला ते ॲडामिनबी याच टाकीत बुडालं. त्याआधी शंभराहून अधिक इमारती उचलून दहाएक किलोमीटरांवरच्या नव्या गावी नेल्या. लाकडी घरं सबंध ट्रकवर चढवली. २००७च्या दुष्काळात साठा दहा टक्क्यांच्या आसपास आला तेव्हा जुन्या गावाची जोती आणि पायऱ्या वर आल्या आणि लोक ते पाहायला गेले, जसे आपल्याकडे उजनी उतरली की पळसदेवचं देऊळ पाहायला जातात. या पठारावर इंग्रज येण्यापूर्वी न्गारिगो लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, हे मात्र या दुष्काळी सहलींत फारसं कुणी काढत नाही.

मासेमारीच्या दृष्टीनं धरणाची पहिली वर्षं सोन्याची असतात, जगात कुठेही. पाणी चढतं तसं ते गवत, झुडपं, शेणखत, गांडुळं, किडेमकोडे सगळं गिळत जातं. साठलेलं अन्न एकदम पाण्यात विरघळतं, सूक्ष्मजीव फोफावतात, त्यांवर किडे, किड्यांवर मासे. पन्नास-साठच्या दशकांत यूकम्बीनमध्ये भरत्या पाण्याच्या काठाकाठानं ट्राउट अक्षरशः कुरणात चरायला यावेत तसे येत. जुन्या छायाचित्रांतले मासे पाहून आजचा माणूस उसासा टाकतो. हा भर काही वर्षांनी ओसरतो. जमिनीची पुंजी एकदाच खर्च होते. पण पूर्णपणे संपत नाही. दुष्काळात तळं आटून काठावर पुन्हा गवत उगवतं, आणि मग पाऊस चांगला झाला की तेच नाटक छोट्या प्रमाणावर पुन्हा होतं. म्हणून पाणी चढत असेल तर होडी काठाच्या जवळून, नव्यानं बुडालेल्या गवताच्या कडेनं चालवावी. उतरत असेल तर खोलगट, उतरत्या कडांकडे वळावं. रंगीबेरंगी आमिषांवर पैसे उडवण्यापूर्वी हे एवढं पाहिलं तरी बरंच साधतं.

उन्हाळ्यात मात्र काठ विसरावा लागतो. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. त्याहून तापलं की हलकं होऊन वर तरंगतं. डिसेंबर-जानेवारीत ऊन वरचा थर तापवतं, वारा तेवढाच थर ढवळतो, आणि खालचं गार पाणी वेगळंच राहतं. मधे काही मीटरांच्या अंतरात तापमान झपकन उतरतं. शास्त्रज्ञ या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात, धक्क्यावरची मंडळीही तेच म्हणतात. ट्राउटला १० ते १६ अंशांत बरं वाटतं. २०च्या पुढे त्याची भूक मंदावते, पंचविशीत त्याच्या जिवावर बेतू शकतं, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाची गरज मात्र वाढते. त्याचं खाणं, म्हणजे प्लवक आणि त्यामागे येणारे छोटे जीव, पुष्कळदा गारव्याच्या वरच्या सीमेवर रेंगाळतं. मग तोही तिथेच, गारव्यात राहून वरच्या ताटाकडे डोळा ठेवून. पहाटे आणि तिन्हीसांजेला वर येतो, ऊन चढलं की दहा-पंधरा मीटर खाली. दुपारी पृष्ठभागाखाली हातभर अंतरावरून आमिष ओढणारा माणूस रिकाम्या मजल्यावरून फिरत असतो. बिऱ्हाड तीन मजले खाली आहे.

त्या मजल्यापर्यंत पोचायचे दोन मुख्य मार्ग. पहिला लेडकोअर, म्हणजे पोटात शिशाची तार असलेली विणलेली दोरी. तिचा रंग दर दहा यार्डांना, म्हणजे नऊएक मीटरांना, बदलतो. म्हणून धक्क्यावरची भाषा 'तीन रंग सोडले होते', 'पाच रंगांवर लागला' अशी असते. चालण्याच्या वेगात एक रंग आमिषाला साधारण दीड मीटर खाली नेतो. वेग वाढवला तर दोरी वर उचलली जाते, कमी केला तर बसते. दुसरा मार्ग डाउनरिगर: होडीच्या कडेला एक चरखी, तिच्या पोलादी तारेला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा, आणि त्या गोळ्याजवळ चिमट्यात अडकवलेली गळाची दोरी. गोळा म्हणाल तेवढ्या मीटरांवर थांबतो. मासा हिसका देतो, चिमटा सुटतो, आणि मग शिशाचं ओझं मधे न येता माणूस आणि मासा थेट एकमेकांना भिडतात. डाउनरिगर अचूक आहे, महाग आहे, आणि तळाशी बुडालेली गमची, म्हणजे निलगिरीची, झाडं असतील तर गोळा अडकवून घेण्यात पटाईत आहे. माझा कल लेडकोअरकडे आहे. अचूकतेत तो हरतो, पण बोटांना वेग आणि खोली यांचं नातं शिकवतो.

हे नातं सर्वांत स्पष्ट कळतं ते वळणावर. होडी डावीकडे वळली की डावी, आतली दोरी मंदावते आणि तिचं आमिष खाली बसतं. उजवी, बाहेरची दोरी वेग घेते आणि वर उठते. वळणावर आतल्या काठीला मासा लागला तर निरोप असा की हळू आणि खोल हवं आहे. बाहेरच्या काठीला लागला तर जलद किंवा उथळ. एकदा लागला तर योगायोग म्हणून सोडून द्यावं, पुन्हा तसंच झालं तर ऐकावं. म्हणून अनुभवी माणूस सरळ रेषेत होडी हाकत नाही, नागमोडी जातो. दुरून पाहणाऱ्याला वाटतं सुकाणूवरच्याला झोप आली आहे. 'बसून' केलेल्या मासेमारीत काय चालतं त्याचा हा एक मासला. फिश फाइंडरच्या पडद्यावर माशांच्या कमानी दिसतात, थर्मोक्लाइनचा धूसर पट्टाही दिसतो, पण मासा भुकेला आहे की नाही हे अजून कुठलाही पडदा दाखवत नाही.

आमिषांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, इथे थोडक्यात. टास्मानियन डेव्हिल हे टास्मानियात जन्मलेलं, दोन पंख असलेलं प्लास्टिकचं आमिष या तळ्यावर जवळजवळ प्रत्येक डब्यात सापडतं. त्याचा साडेतेरा ग्रॅमचा नमुना सर्वांत प्रचलित. मंद वेगातही ते डोलतं, लटपटतं, आणि त्यातच त्याचं यश आहे. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३०च्या दशकात बुचातून कोरून काढलेल्या माशाचे वंशजही भरपूर चालतात. गुलाबी की हिरवं, पिवळ्या पंखांचं की काळं, यावर धक्क्यावर रात्र सरेल एवढा वाद होतो. माझं मत त्या वादात कुणालाच आवडत नाही: आधी खोली, मग वेग, आणि रंग त्यानंतर बऱ्याच अंतरावर.

मेपासून चित्र बदलतं. वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, थर मोडतात, सगळं तळं एकसारखं होतं. ब्राउन ट्राउट अंडी घालायला यूकम्बीन नदीत चढतात. रेनबोंची पाळी हिवाळ्याच्या अखेरीस. नद्यांवर जूनच्या लांब सुट्टीपासून ऑक्टोबरच्या लांब सुट्टीपर्यंत मासेमारी बंद असते, जलाशय मात्र बारमाही खुला. त्यामुळे नदीतून थकून, भुकेनं परतलेले ब्राउन भर हिवाळ्यात काठाच्या अगदी जवळ, दोन-तीन मीटर पाण्यात फिरत असतात, आणि त्यांच्यासाठी ना शिसं लागतं ना गोळा. साधी दोरी लांब सोडायची, कारण नितळ उथळ पाण्यात होडीची चाहूल त्यांना लगेच लागते. काठीच्या कड्यांत पहाटे बर्फ जमतो, तो बोटांनी फोडावा लागतो. हौसेला मोल नसतं असं म्हणतात. इथे ते निदान बोटांनी चुकवावं लागतं.

आणखी एक जागा या तळ्यावर आहे, जिथे मासेमारीचं वेळापत्रक ऋतू ठरवत नाही. टँटँगारा या शेजारच्या धरणातून मरम्बिजी नदीचं पाणी सुमारे १७ किलोमीटरांच्या बोगद्यातून यूकम्बीनमध्ये येतं. ते जिथे बाहेर पडतं ती जागा प्रॉव्हिडन्स पोर्टल. पाणी सोडलं की बोगद्याच्या तोंडाशी प्रवाह तयार होतो, त्याबरोबर खाणं वाहत येतं, आणि ट्राउट नदीच्या मुखाशी जमावेत तसे जमतात. त्यांना ती नदीच वाटत असणार. वाटा उचलणारे दुसरे दोन बोगदे, एक ट्यूमटकडे २२ किलोमीटरांचा आणि एक स्नोईकडे साडेतेवीस किलोमीटरांचा, तळ्यातून पाणी बाहेर नेतात. म्हणजे तळ्याची पातळी पावसावर जेवढी, तेवढीच विजेच्या मागणीवर आणि दूरच्या भातशेतीवर हलते. इथे 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे शब्द वापरायला माझी लेखणी कचरते. हे पाणी एक यंत्र आहे, त्यातला मासा जहाजातून आणलेला आहे, आणि जिंडाबाइनजवळच्या गेडन केंद्रात वाढवलेली रेनबोंची पिल्लं अजूनही त्यात सोडली जातात. तिथे इंजिन लावून, पडदा पाहत, शिशाच्या दोरीनं मासा शोधणं मला विसंगत वाटत नाही. उलट मोटारीतून तिथवर जाऊन नंतर पुरातन रानात उभं असल्याचा आव आणणं जास्त विसंगत वाटतं.

पण मासा यंत्राचा भाग नाही, आणि त्याच्या येण्याची किंमत कुणीतरी मोजली आहे, हेही प्रस्तावनेतच सांगायला हवं. या डोंगरांतल्या ओढ्यांत गॅलॅक्सियस जातीचे बोटभर लांबीचे, खवले नसलेले देशी मासे होते. ट्राउटनं ते खाल्ले. टँटँगारा ओढ्यातली एक जात शास्त्रज्ञांनी २०१४ साली वेगळी म्हणून नोंदवली, आणि ती सापडली ती एका छोट्या धबधब्याच्या वर, कारण ट्राउटला तो धबधबा चढता येत नाही. एका जातीचं उरलेलं निसर्गातलं घर म्हणजे धबधब्यावरचा ओढ्याचा एक तुकडा. आता 'स्नोई २.०' ही नवी योजना टॅलबिंगो आणि टँटँगारा हे जलाशय जोडते आहे. टॅलबिंगोत रेडफिन पर्च हा परका, खादाड मासा आहे, आणि धबधबे चढू शकणारा गॅलॅक्सियसचा एक चुलतभाऊही. ते वर पोचले तर देशी माशाचं ते शेवटचं घर जाईल. रेडफिन पुढे बोगद्यातून यूकम्बीनमध्ये उतरला तर ट्राउटचंही अवघड होईल. मासे रोखण्यासाठी गाळण्या आणि बांध यांची योजना आहे. ट्राउटचे शौकीन आज परक्या माशाच्या नावानं ओरडतात ते ऐकताना हसू येतं, तरी त्यांचं म्हणणं चूक नाही. आपल्या हातात एवढंच: एका पाण्यातला जिवंत मासा किंवा आमिष दुसऱ्या पाण्यात नेऊ नये, आणि होडी, बूट, हातजाळी धुऊन वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात उतरवू नयेत.

सिडनीहून ॲडामिनबी साडेचारशे किलोमीटरांच्या आसपास, कॅनबेराहून दोन तासांच्या आत. या दोन्ही शहरांत मराठी घरं आता पुष्कळ आहेत आणि हिवाळी सुट्टीत बर्फ पाहायला जाणारी त्यातली बरीच कुटुंबं या तळ्याच्या काठानं जातात. रस्त्यावर १९७३ सालचा, दहा मीटर उंचीचा ट्राउटचा पुतळा लागतो. त्यापुढे फोटो काढतात आणि पुढे सरकतात. त्यांतले काही थांबावेत म्हणून मराठीत लिहिलं. देशावरच्या वाचकाला मरळ आणि वाम यांची सवय असल्यानं गोड्या पाण्याच्या माशाचं वावडं नसतं; कोकणी आणि गोव्याच्या वाचकाची मात्र आधीच माफी मागून ठेवतो, कारण त्यांच्या लेखी समुद्राबाहेरचा मासा हा मासाच नव्हे. त्यांनी एकदा यॅबी खाऊन वाढलेला ट्राउट चाखावा. यॅबी ही शेवंडीसारखी दिसणारी छोटी गोड्या पाण्यातली जात, आणि तिच्यामुळे माशाचं मांस गुलाबी-नारिंगी होतं. खवले इतके बारीक की काढायची गरज नाही. हळद, तिखट, मीठ, थोडं आगळ आणि वरून तांदळाचं पीठ. याहून जास्त मसाला घालणाऱ्यानं सरळ बटाट्याच्या काचऱ्या कराव्यात. नारळाच्या रसात हा मासा घालू नये. त्याची चव त्यात बुडते, आणि या तळ्यात आधीच पुष्कळ काही बुडालं आहे.

परवान्याचं शुल्क, किमान २५ सेंटिमीटर लांबी, दिवसाला पाच माशांची मर्यादा वगैरे नियम परिशिष्टात आहेत. ते बदलतात, म्हणून जाण्यापूर्वी सरकारी पत्रक पाहावं. एक नियम मात्र इथेच: या डोंगरी जलाशयांवर होडीत पाय ठेवल्यापासून लाइफ जॅकेट अंगावर असणं कायद्यानं बंधनकारक आहे. पोहता येतं म्हणून कुणी हुज्जत घालू नये. हिवाळ्यात या पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत ऐकेनासे होतात, आणि दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की सकाळी आरशासारखं असलेलं तळं छोट्या होडीला उलटवण्याइतकं उसळतं. क्षितिजावर पांढऱ्या लाटा दिसल्या की मासा लागत असला तरी काठ गाठावा.

वाचकांची एक अपेक्षा हे पुस्तक पुरी करत नाही. यात 'हमखास जागां'चे नकाशे नाहीत. अँग्लर्स रीच, बकेंडेरा, ब्रेमार बे, मिडलिंगबँक ही नावं पानोपानी येतात, पण अमुक झाडापासून तमुक मीटरांवर असं कुठेही लिहिलेलं नाही. साठा साठ टक्के असताना जिथे दहा मीटर पाणी होतं तिथे तीस टक्क्यांना मेंढ्या चरतात. एका वर्षीची खाडी दुसऱ्या वर्षी माळ असते आणि जुन्या नकाशावरची खूण कुंपणाच्या खांबात आमिष अडकवते. त्याऐवजी प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी पातळीचे तीन टप्पे दिले आहेत आणि त्या त्या टप्प्याला होडी कोणत्या प्रकारच्या काठावरून न्यावी ते सांगितलं आहे. स्नोई हायड्रो ही कंपनी जलाशयाची पातळी प्रसिद्ध करत असते. तो आकडा आधी पाहावा, मग कोणतं प्रकरण उघडायचं ते ठरवावं.